दोन कॅमेरे आणि शिवकांता

४ जानेवारी २०२५, नांदेड
शरणप्पानं दोन्ही कॅमेरे दिले! लातूरहून बसनं मांडीवर घेऊन आलो, तान्हं लेकरू आणावं तसे. शाळेपासूनचा दोस्त. आता त्याचा स्टुडिओ लेक बघते. म्हणाला, "पंधरा दिवस दोन्ही वापर मास्तर. मग कुठला घ्यायचा ते ठरव."
निवृत्त झाल्यापासून डोक्यात एकच — काळे-पांढरे फोटो. एक कॅमेरा फक्त काळं-पांढरंच काढतो. दुसरा रंगीत काढतो, रंग मागून कॉम्प्युटरवर काढून टाकायचे. दोन्हींत आपोआप काही होत नाही. कॅमेऱ्याच्या बारक्या खिडकीतून बघायचं, मधोमध एकाच वस्तूच्या दोन आकृत्या दिसतात. लेन्सचं कडं फिरवून त्या एकीवर एक बसवायच्या.

५ जानेवारी
बसत नाहीत.

६ जानेवारी
चाळीस काढले, अडतीस धूसर. बायको, शिवकांता, ओट्यावर शेंगा सोलून राहिली होती. म्हणाली, "बघू इकडं."
समोरच्या मांजरावर कॅमेरा रोखला, डोळा लावला, कडं जरासं फिरवलं, खटका दाबला. फोटोत मिशा मोजून घ्याव्यात!
"सुई ओवल्यावानीच हाय की," म्हणाली, आणि परत शेंगा. तीस वर्षं ब्लाउज शिवते आहे बाई.

९ जानेवारी
अर्धापूरला तिच्या भावाच्या केळीच्या मळ्यात गेलो. रंगीत माझ्याकडं, काळा-पांढरा तिच्याकडं. घड वाहणाऱ्या बायांत ती बोलत-बोलत शिरली, त्या हसायला लागल्या. मी बांधावरून काढत होतो.
घरी फोटो बघितले. तिच्या फोटोंत घामाचा थेंबन् थेंब दिसतो, माझे सपक. ठरलं तर — काळा-पांढराच कॅमेरा भारी.

१२ जानेवारी
औसा किल्ला. आज भारी कॅमेरा मी घेतला, तिला रंगीत दिला. भुयारी अंधारातसुद्धा दगडाचा खरबरीतपणा उतरतो. ती मात्र दगड सोडून सहलीला आलेल्या शाळेच्या पोरींच्या मागं. येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपली. फार दिवसांनी इतकं हिंडलो दोघं.

१८ जानेवारी, लातूर
शरणप्पानं सगळे प्रिंट टेबलावर मांडले. कुठला कुणाचा ते त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं अकरा निवडले. मी प्रिंटमागं लिहिलेले कॅमेऱ्यांचे आकडे बघितले. अर्धापूरचे सात, सगळे काळ्या-पांढऱ्याचे. औशाचे चार, सगळे रंगीतचे.
"असं कसं रे? औशाला तर भारी कॅमेरा माझ्याकडं होता."
शरणप्पा शिवकांताकडं बघून म्हणाला, "कॅमेरा बदलला मास्तर. हात एकच हाय. वैनींचा."
वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. वर्ष झालं मी पुस्तकं वाचून राहिलो, आणि माझा एकही नाही. मग तिच्याकडं बघितलं. एक-एक फोटो पदरानं धरून उचलत होती, डाग पडू नये म्हणून. "हे मी काढलंय व्हय?" हळूच म्हणाली. मला हसूच आवरेना. इतकं बरं कधी वाटलं होतं, आठवत नाही.
अकराही फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत लागले. खाली तिचं नाव, आमचा नंबर.

२० जानेवारी
कुठला घ्यायचा, ते तिलाच विचारलं. म्हणाली, "रंगीतवाला."
मी आ वासला. म्हणाली, "त्या दुसऱ्यात लाल लुगडं आन् हिरवी केळी एकाच राखाडीत गेली. मला येगळी पाहिजेत."
रंग काढताना कुठल्या रंगाचा किती गडद राखाडी करायचा, यावर पुस्तकात आख्खा धडा आहे. तिनं वाचला नाही. रंगीत घेतला.

४ फेब्रुवारी
सकाळी चाकूरहून फोन. आईला नव्वद पूर्ण होतायत, काचेतल्यासारखा फोटो पाहिजे. "फोटोग्राफर बाई हायत का?"
म्हटलं, "मळ्यात गेल्यात. मी त्यांचा नवरा बोलून राहिलो. सांगा, लिहून घेतो."