पप्पांनी माझ्यासाठी वर केलेला हात

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, वेल्डरची थोरली मुलगी, घरातली पहिली पदवीधर, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून न लिहिता माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मनाचे मात्र शपथेवर सांगता येणार नाही. गुरुवारी सकाळी माझ्या यकृताचा अर्ध्याहून मोठा तुकडा काढून पप्पांना बसवायचा आहे. "देणारे सहसा वाचतात," असे डॉक्टर म्हणाले. त्या "सहसा"साठी हा कागद.

१. माझ्या नावावर बँकेत जे काही असेल ते आईचे. तिने त्यातून शिलाई मशीनला मोटर बसवून घ्यावी. पायाने मशीन चालवून तिचे गुडघे गेले आहेत आणि ती "अजून चालतंय की" म्हणत राहील. तिचे ऐकू नये.

२. पुस्तके, टेबल आणि सायकल धाकटीला. सायकलचा मागचा ब्रेक लागत नाही. तिने खूप शिकावे, माझ्याहून जास्त शिकावे. फक्त चार लोकांत बोलायला उभी राहील तेव्हा समोर कोण बसले आहे ते आधी बघावे. मी बघितले नाही.

३. ते कसे, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्या मागे कोणी वेगळे सांगणार नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या पेल्यात द्राक्षारस, म्हणजे वाइन, नसायचा, आईने उकळलेला द्राक्षांचा साधा रस असायचा. कारण मंडळीतल्या चार पुरुषांनी दारू सोडली होती आणि पप्पा त्यांतले एक. बारा वर्षे त्यांनी थेंब घेतला नव्हता. पदवी घेऊन आल्यावर मी वार्षिक सभेत उठले आणि म्हणाले, प्रभूने आपल्याला मोकळे केले आहे, मग चौघांच्या भीतीपायी सगळ्यांनी का बांधून घ्यायचे? पेल्यात खरा द्राक्षारस असावा. मागून कोणीतरी म्हणाले, "पोरी, जरा दमानं." मी दम घेतला नाही. पाळकांनी हात वर करायला सांगितले, तेव्हा सगळ्यांत पहिला हात पप्पांचा होता. नंतर आईने विचारले, "तुम्ही कशाला केला हो?" तर म्हणाले, "माझी पोरगी बोलत होती. मी हात खाली ठेवू?"

पुढच्या रविवारी पेला त्यांच्यापर्यंत आला. तो पुढे सरकवला असता तर सगळ्यांनी पाहिले असते आणि माझी मान खाली गेली असती. त्यांनी घेतला. तिसऱ्या आठवड्यात ते कामावरून घरी आले ते भिंत धरत. मग यकृत जाईपर्यंत दारू सुटली नाही.

माझे म्हणणे चूक होते असे मला आजही वाटत नाही. तेच जास्त छळते. चूक असते तर माफी मागून सुटले असते. बरोबर असूनही मी माझ्या बापाकडे पाहिले नाही, याची माफी कोणाकडे मागायची?

४. आत्याला माझा पदवीचा फोटो द्यावा. "शिकली आणि बापाला खाऊन बसली," असे तिने दारात उभे राहून, गल्लीला ऐकू जाईल असे म्हटले होते. फोटो तिने कुठेही टाकावा. तिचे बोलणे मी विसरलेले नाही, पण ते खोटे होते असेही म्हणत नाही.

५. पाळकांना काहीही नाही. त्यांना सगळे ठाऊक होते आणि त्यांनी मते मोजली. एवढेच करावे, पेल्यात पुन्हा साधा रस घालावा, आणि त्यासाठी सभा बोलावू नये.

६. पप्पांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. हे रागाने नाही. वरच्या मजल्यावर वकिलाचा कारकून राहतो. तो म्हणाला, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. "आणि ताई, साक्षीदार धडधाकट बघा. मागे राहून 'ही सही तिचीच' म्हणणारा पाहिजे." मी पप्पांचे नाव सांगितले. तो चपापला. "त्यांचं तर... म्हणजे, डॉक्टर काय म्हणाले?" डॉक्टर म्हणाले की यकृत बदलले नाही तर महिनाही मिळणार नाही. आठ महिने ते दारूला शिवलेले नाहीत, म्हणून दवाखाना तयार झाला. तयार नाहीत ते पप्पाच.

"तुला फाडून मी जगू? वेड लागलंय का तुला?"

"मी माझ्या मर्जीने देतेय, पप्पा."

"मर्जी तुझी, पोट माझं. मी नाही घेणार."

आई दोघांच्या मध्ये उभी राहून म्हणाली, "एक चाललाय तेवढा पुरे. दुसरं नको मला." मग तीच रात्रभर त्यांचे पाय चेपत बसली.

दवाखान्यातल्या बाईंनी मला एकटीला बसवून विचारले, कोणाचा दबाव आहे का, अपराधी वाटते म्हणून देता आहात का? मी म्हटले, अपराधी वाटते आणि तरीही मर्जी माझीच आहे. मला नाही म्हणायची मोकळीक आहे, बाई, आणि ती मला वापरायची नाही. सभेत मी या मोकळिकीवर अर्धा तास बोलले होते, आणि ती कशासाठी असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पप्पा, दवाखान्याच्या कागदावर तुमची सही उद्या संध्याकाळपर्यंत लागते. मला अजून काय करावे ते सुचत नाही. पाया पडून झाले, भांडून झाले, दोन दिवस अबोला धरून झाला. म्हणून साक्षीदार म्हणून तुमचे नाव घातले आहे. इथे सही केलीत तर तुम्हाला मागे राहावे लागेल. तिथली सही त्यातच आली असे मी धरेन. माझ्यासाठी एकदा हात वर केलात. आता माझ्यासाठी जगा.

स्थळ : राहत्या घराची मागची खोली
दिनांक : शस्त्रक्रियेच्या आधीचा मंगळवार
लिहिणार : थोरली (सही)

साक्षीदार
१. वकिलाचा कारकून, वरचा मजला (सही)
२. वडील, वेल्डर (सही)

सहीखाली वडिलांच्या हाताने : वाचलं. पेला मी माझ्या हाताने तोंडाला लावला, तो तुझ्या नावावर टाकू नकोस. दवाखान्याचा कागद आण. अक्षर वाकडं आलंय ते हात थरथरतोय म्हणून. प्यायलेलो नाही.