कापूस पारखणारा हात

पौष शुद्ध पंचमी, शके १७८५. अमरावती

भगवंताला आज अकोल्याहून गाडीत घालून आणलं. माझा धाकटा भाऊ, बाजारातला नावाजलेला कापूस-पारखी — आणि अंगाला मोहाच्या दारूचा वास! कापसाला कधी नव्हता तो भाव आलाय. व्यापारी सौद्याआधी पाजतात म्हणे. देवापुढे बेलभंडार उचलायला लावला. "थेंब घेणार नाही, अक्का." झालं! विषय संपला.

डोकं उठलं होतं. दोन फुलपात्रं द्राक्षासव घेतलं तेव्हा उतरलं.

सप्तमी

शपथ दोन दिवस टिकली. गोठ्यात मडक्यासकट सापडला.

"मजा म्हणून नाई घेत, अक्का. सकाळी नाही घेतली तं बोटं थरथरतात. धागा ओढून पाहता येत नाही."

सबबी! "आन् तू दिवसातून तीनदा घेतेस ते?" म्हणे. ते औषध आहे, म्हटलं. यजमान वैद्य होते माझे. ते गेल्यापासून घेते.

कोठीत कोंडलं. कामाची गोदाबाई म्हणाली, "बाई, कोंडू नका त्याईले. माह्या नवऱ्याले असंच कोंडलं होतं."

"मग? सुटली?"

"सुटली. तो मेला."

अडाणी बाई.

नवमी

सकाळी भगवंताचे डोळे फिरले, अंग ताठ, दातखीळ. शुद्धीवर आला तो अंगावरच्या मुंग्या झटकत — एकही मुंगी नव्हती.

यजमानांची वही काढली. "एकदम तोडू नये. पाव-पाव कमी करावे." त्यांनी सांगितलं होतं, मी उतरवलं होतं. अक्षर माझं! मारलंच असतं मी त्याला.

गोदाबाईलाच गुत्त्यावर पाठवलं. "सोवळ्यातल्या बाईनं दारू मागवली! गुत्तेवाला न्हाऊन येईन," म्हणाली. पण धावत गेली.

एकादशी

चारातले तीन भाग देते. शपथ नाही, उपदेश नाही. माप.

माघ शुद्ध तृतीया

आठ दिवस थेंब नाही. आज भगवंतानं चिमूटभर कापूस घेऊन धागा ओढला. लांब, सरळ. बोट हललं नाही. रडला. मी रागावले — काय करणार, तेवढंच येतं.

षष्ठी

आसवाची बरणी परवा संपली. नवी घातलीय, ती मुरायला महिना. आज वाढताना पळी हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. ही अक्षरंही बघा!

भगवंत बाहेर गेला, गावातल्या दुसऱ्या वैद्यांच्या घरून आसव घेऊन आला. मापाचं फुलपात्र घासून माझ्यापुढं ठेवलं. त्याचा हात स्थिर.

"एकदम नको, अक्का. पाव कमी."