उत्तम नराची निवड

१४ जानेवारी १९३२
पुण्याहून आणलेला व्हाइट लेगहॉर्न कोंबडा माढ्याजवळ बिरदेवच्या वस्तीवर पोचवला. बिरदेव माझा जुना अशील. गावठी कोंबडे सगळे विकायला लावले, कोंबड्या तेवढ्या ठेवल्या. मग तासभर बोललो. हलकं ते विका, उत्तम ते राखा! वस्ती थरारली. पुढच्या वर्षअखेरच्या सोलापूरच्या प्रदर्शनात माझा सुधारित वाण मांडणार, हे भर सभेत जाहीर केलेलंच आहे. आता माघार नाही.

९ ऑक्टोबर १९३२, रात्री, वस्तीवर
पहिली पिढी वयात आली. सर्वोत्तम नर काठीने दाखवला, त्याच्या छातीवर, पायांवर बोललो. जेवण अप्रतिम. रस्सा दोनदा घेतला.

१० ऑक्टोबर
सर्वोत्तम नर दिसेना. बिरदेवची बायको म्हाळसाबाई म्हणाली, तुमीच काठीनं दावला की! वकीलसायबांस्नी काय मरतुकडं घालायचं व्हय?
अज्ञान! दुसऱ्या क्रमांकाचा नर निवडला. वाणाला धक्का नाही. रस्साही त्याच वाणाची साक्ष होता.

११ ऑक्टोबर, सोलापूर
हिला सांगितलं. हसत सुटली. म्हणाली, तुम्ही पैदाशीला निवडता की पातेल्याला? हिने आनुवंशिकतेवर एक पान वाचलेलं नाही.

२३ एप्रिल १९३३
दुसरी पिढी. एक नर केवळ देखणा! बाकीचे नियमाप्रमाणे टेंभुर्णीच्या बाजारात पाठवले. याला हात लावाल तर याद राखा, असं गरजलो. लावला नाही. त्याच्या बापाला आणि आजाला कापलं. मी चिडलो, तर बिरदेव म्हणाला, सायब, नवी पिढी जुनीपेक्षा सरस, आसं तुमीच म्हणला न्हवं? मग जुनी कशाला सांबाळायची?
तर्क बिनतोड. दुर्दैवाने माझाच. जेवलो. न जेवणं त्यांचा अपमान.
निश्चय: यापुढे वस्तीवर सोमवारीच जाणे. सोमवारी माझा उपास.

२० नोव्हेंबर १९३३, सोमवार
योजना पक्की होती. फक्त प्रदर्शनाच्या परीक्षकांना पक्षी आधी दाखवावा म्हणून सोबत नेलं. त्यांचा उपास नव्हता.
नर पाहून परीक्षक म्हणाले, असा पक्षी जिल्ह्यात नाही. म्हाळसाबाईने ऐकलं. आम्ही विहिरीकडे फिरून येईतो चूल पेटलेली.
मी शेंगदाणे खाल्ले. परीक्षकांनी बोटं चाटली.

१७ डिसेंबर १९३३
प्रदर्शन. बिरदेव पाटीखाली एक कोंबडा झाकून घेऊन आला. तांबडा, मान वाकडी, एका पायाने लंगडा. हा कुठून, विचारलं. म्हणाला, तुमच्याच वाणाचा हाय की. बाजारात कुनी घेतला न्हाय, पावन्याला घालावा तर लाज वाटती, म्हनून ऱ्हायला.
पिंजऱ्यापुढे उभा राहून पाऊण तास बोललो. लोक वाकून पिंजऱ्यात बघत होते. परीक्षकांनी ओळख दाखवली नाही.
तरीही रक्त तेच आहे. पिढ्यांचं शास्त्र धीर मागतं. नर परत वस्तीवर.

१२ ऑगस्ट १९३४, रविवार
वस्तीवर गेलो. उपास नव्हता. अंगणभर नवी पिढी: तांबडी, वाकडी, सगळी एकजात एकसारखी. इतका स्थिर वाण मी आयुष्यात पाहिला नाही.
ताटात भाकरी आणि शेंगाची चटणी. म्हाळसाबाई पदर सावरत म्हणाली, राग मानू नगा, सायब. तुमच्या पानात वाढावं आसं एक बी कोंबडं आता वस्तीवर न्हाय.
चटणी मागून घेतली.