शेजारच्या गेटची घंटा

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. लांब असलो की आपलं बोलणं फोनवर व्हायचं आणि तेही "जेवलीस काय? बरं, ठेव" एवढ्यात आटपायचं. आज मंगळवार पेठेतल्या आपल्या खोलीत कागद पुढ्यात घेऊन बसले आहे, कारण उद्या अकरा वाजता मला चौकशीत लेखी जबाब द्यायचा आहे. नाव लिहिलं, हुद्दा लिहिला आणि हात थांबला. म्हणून तो कागद बाजूला सारला आणि तुझ्यासाठी दुसरा घेतला.

सदामामा दवाखान्यात आहेत. ड्युटीवर असताना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तू रिटायर झालीस, तुला जाऊन वर्ष होत आलं, तरी तुझ्या शेजारच्या गेटवर अजून तेच होते. आणि त्यांचं जे झालं त्याला थोडीफार मी कारण आहे. थोडीफार म्हणते बघ, अजूनही माप कमी करायची सवय जात नाही.

तुझ्या गेटवर मला आजही डोळे मिटून चालता येईल. बाबा लाईनवर काम करताना गेले आणि त्यांच्या जागी रेल्वेनं तुला फाटक सांभाळायला घेतलं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये ती एवढीशी खोली आणि भिंतीवर तो काळा, मूठ फिरवायचा फोन. हंगामात उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून गेटपाशी खोळंबायचे. ड्रायव्हर ओरडायचा, "ए मावशी, उघड की गेट, कारखाना बंद पडंल." तू खिडकीतून शांतपणे म्हणायचीस, "पावणं, कारखाना न्हाय बंद पडत. तुमचं गानं बंद करा तेवढं, मला घंटा ऐकू येऊ दे."

घंटेवर तुझा सगळा जीव. पाच गेटांना मिळून एकच तार. मास्तरांनी स्टेशनातून मूठ फिरवली की पाचही खोल्यांत वाजायचं. दोन लांब, एक आखूड म्हणजे तू. तीन आखूड म्हणजे सदामामा. ज्याची खूण त्यानं उचलायचं, गेट लावून, ते लागल्याची खात्री म्हणून पुस्तकातला ठरलेला आकडा मास्तरांना सांगायचा, मग गाडी सुटायची. नियमात एवढंच होतं. पण तुम्ही पाचही जण सगळ्यांच्याच घंटा ऐकत होता. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या म्हशीनं लाथ मारली, सगळं त्या तारेवरून. आणि एखाद्याची घंटा वाजून वाजून थांबली की बाकीचे चौघं हातातलं काम टाकायचे.

तू उन्हाळ्यात चक्कर येऊन पडलीस ती गोष्ट मला शंभरदा सांगितलीस. मी शाळेत होते. तुझी घंटा दोनदा वाजली, उचलली गेली नाही. सदामामांनी आपला फोन उचलून थेट मास्तरांना सांगितलं, "मास्तर, गाडी सोडू नगा. ती बाई घंटा चुकवनारी न्हाय, कायतरी झालंय तिला." गेट सोडून त्यांना स्वतःला निघता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बायकोला, रत्नामामीला पिटाळलं. मामी रुळाच्या कडेनं अनवाणी पळत आली, तुझ्या तोंडावर पाणी मारलं आणि तुला सावलीला नेलं. हे सांगताना तू दर वेळी हसायचीस. मामीच्या पायाला फोड आले होते हे मात्र मला मामीकडूनच कळलं.

मग मी शिकले, रेल्वेतच सिग्नल आणि दूरसंचार खात्यात इंजिनिअर झाले. तू पेढे वाटलेस. आणि रुळाकडेच्या जुन्या तारा काढून तिथं इंटरनेटच्या पद्धतीनं चालणारं नवं जाळं घालायचं काम आपल्याच सेक्शनवर माझ्या वाट्याला आलं.

जुनं ते सोनं म्हणायला मी हे लिहीत नाही, आई. त्या तांब्याच्या तारा किती वेळा चोरीला गेल्या तुला माहीत आहे. पावसाळ्यात जोडात पाणी शिरलं की मास्तरांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा आणि तू आकडा चार चारदा ओरडून सांगायचीस. आता जमिनीखालून काचेची बारीक तार गेली आहे. प्रत्येक गेटला स्वतःचा फोन, स्वतःचा नंबर. शेजारी बसून बोलल्यासारखा आवाज, प्रत्येक बोलण्याची नोंद, आणि कुठं तार तुटली तर ऑफिसातल्या पडद्यावर मला जागच्या जागी कळतं. काम चांगलंच आहे. अजूनही मला त्याचा अभिमान आहे, हे तुझ्यापासून कशाला लपवू?

पण सर्व्हेच्या दिवसांत मी एका कागदावर लिहिलं होतं, "एका तारेवर पाच फोन. दोष. स्वतंत्र जोडणी आवश्यक." रात्रीच्या जेवणाला तुला ते कौतुकानं सांगितलं. तू भाकरी मोडता मोडता विचारलंस, "मग दुसऱ्याची घंटा कळायची कशी?"

मी काय म्हणाले आठवतं? "कशाला कळायला पाहिजे? दुसऱ्याचं चोरून ऐकायची सवय आहे ती तुमची सगळ्यांची."

"बरं बाई, तू शिकल्याली," म्हणालीस आणि आमटी वाढलीस. का भांडली नाहीस माझ्याशी? ट्रॅक्टरवाल्यांना गप करणारी तू, चार पुस्तकं शिकलेल्या पोरीपुढं का गप बसलीस? मला राग येतो तुझा. तू तेव्हा दोन शब्द ऐकवले असतेस तर मी ऐकलं असतं का, हे मात्र मला नक्की सांगता येत नाही.

नवे फोन बसवले तेव्हा तू नव्हतीस. सदामामांच्या गेटवर मी स्वतः गेले होते, बटणं दाखवली. त्यांनी फोन कानाला लावून बघितला, खाली ठेवला, परत उचलला. "आगं वैजू, ह्यात कोन न्हायच की," म्हणाले. मी हसून म्हटलं, "मामा, लावल्याशिवाय कोण असणार?" ते म्हणाले, "तसं न्हवं गं. आधी उचलला की मानसं असायची." मी तोही विषय हसण्यावारी नेला.

आता तो दिवस सांगते. सकाळचे साडेदहा झाले असतील. मास्तरांचा माझ्या मोबाईलवर फोन आला. गाडी यायला अवकाश होता, पण ते आधीच गेटला विचारून ठेवत होते. म्हणाले, "मॅडम, तुमचा नवा फोन वाजत न्हाय वाटतं. सदाशिव उचलत न्हाय."

मी पडद्यावर बघितलं. त्यांच्या गेटपुढं हिरवा ठिपका होता. रिंग गेल्याची नोंद होती, एकदा नाही, सहा वेळा. मला काय वाटलं असेल, आई? मला बरं वाटलं. माझा फोन चालू होता. मी म्हणाले, "फोन ठणठणीत आहे मास्तर. माणूस झोपला असेल." आणि संगणकावर तक्रारीपुढं "दोष आढळला नाही" लिहून ती बंद केली. मग चहा प्यायला गेले.

सहा वेळा वाजलेली घंटा. तुझ्या त्या तारेवर दुसऱ्याच वेळी चार माणसं उठून उभी राहिली असती. इथं तुझ्या जागी शेजारच्या गेटवर बसलेल्या बाईला पत्ताही नव्हता. पत्ता फक्त मला होता, आणि मी तुझी मुलगी. सदामामा घंटा चुकवणारे नाहीत, हे माझ्याइतकं त्या ऑफिसात कुणाला माहीत होतं?

गाडी आली तेव्हा मास्तरांनी नियमाप्रमाणं ड्रायव्हरला लेखी सूचना दिली, गेटपाशी थांबून बघून पुढं जा म्हणून. गाडी थांबली, शिट्टी झाली. गेट उघडंच होतं, उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. मदतनीस ड्रायव्हर खाली उतरून खोलीत गेला, तर सदामामा फोनच्या टेबलाखाली पडलेले. डोळे उघडे होते. घंटा ऐकत होते ते सगळा वेळ. माझ्या त्या वाक्यापासून तोवर पाऊण तास गेला होता. डॉक्टर एवढंच म्हणाले की लवकर आणायला पाहिजे होतं.

गाडीला काही झालं नाही, रस्त्यावरच्या कुणाला काही झालं नाही. पण माझ्या बोलण्यावर विसंबून मास्तरांनी वहीत लिहून टाकलं होतं, "गेटमन कर्तव्यावर झोपल्याचा संशय." तो शब्द वहीतून पहिल्या अहवालात गेला. आता झटका आला हे सगळ्यांना मान्य आहे, तरी ऑफिसात एकजण म्हणालाच, "आधी झोपला असेल, झोपेत झटका आला असेल." ज्यानं "न्हाय" म्हणायचं, त्याला बोलता येत नाही. अख्खी नोकरी डोळ्यांत तेल घालून केली आणि रिटायर व्हायला दोन वर्षं असताना हे नावाला चिकटलं.

माझे साहेब वाईट नाहीत. काल बोलावून म्हणाले, "वैजयंता, खोटं काही लिहू नका. फोन चालू होता, रिंग जात होती, एवढं लिहा. ते खरंच आहे. मोबाईलवर काय बोलणं झालं ते कुणी विचारलेलं नाही." खरं आहे, नोंद प्रत्येक गोष्टीची आहे, फक्त माझ्या त्या वाक्याची नाही. ते लिहिलं तर माझी बदली होईल, बढतीचा कागद अडेल, शिवाय नव्या जाळ्यालाच नावं ठेवली जातील. पुढच्या सेक्शनची जुनी तार येत्या आठवड्यात तोडायची आहे.

आणखी एक सांगू? एका गेटनं उचललं नाही तर शेजारच्या दोन गेटांवर आपोआप घंटा वाजावी, अशी सोय नव्या फोनमध्ये करता येते. परवा ऑफिसात दोन सुटे फोन जोडून करून बघितली. दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांचं काम मी केलं नव्हतं, कारण मंजूर आराखड्यात ते नव्हतं आणि आराखड्यासाठी सर्व्हे मीच केला होता.

आज दुपारी दवाखान्यात गेले. मामी बाकावर बसली होती, केस विस्कटलेले, मांडीवर मामांचा रिकामा डबा. मला बघून म्हणाली, "आलीस व्हय? बरं झालं. आगं, सकाळी भाकरी खाऊन, मिशीला तेल लावून गेल्यात ते. झोपनारा मानूस हाय व्हय त्यो? ड्युटीवर झोपल्यात म्हनून कोन म्हनलं गं? तू हापिसात हाईस न्हवं? तेवढं नाव हुडकून दे मला."

मी म्हटलं, "बघते मामी."

बघते म्हणाले, आई! अनवाणी पळत आलेल्या त्या बाईला.

मग आत गेले. मामांनी ओळखलं. डावा हात थोडा उचलला. डॉक्टर म्हणतात, त्यांना ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं. मी उसाचं बोलले, थंडीचं बोलले, तुझ्या वर्षश्राद्धाचं बोलले. ते माझ्याकडं बघत राहिले. जे बोलायला गेले होते ते सोडून सगळं बोलून परत आले.

तू असतीस तर काय केलं असतंस ते मला विचारायचंच नाही. ते मला माहीत आहे, आणि म्हणूनच इतका वेळ जबाबाचा कागद नाव-हुद्द्यापुढं सरकला नाही.

तर आता तुला शब्द देते. उद्या अकराच्या आधी मी दवाखान्यात जाणार आहे. आधी मामीला सांगेन की ते नाव माझं आहे. तिला मारायचं असेल तर मारू दे. मग मामांच्या उशाशी बसून सांगेन की "झोपला असेल" हे मीच म्हणाले होते, काही न बघता, नुसता ठिपका बघून. आणि मग ऑफिसात जाऊन तेच वाक्य जबाबात माझ्या नावानं जसंच्या तसं लिहीन. शेजारच्या गेटांवर घंटा वाजायची सोय होईपर्यंत पुढच्या सेक्शनची तार तोडायच्या कागदावर मी सही करणार नाही, हेही त्यातच लिहीन.

मामांना उत्तर देता येणार नाही, आई. त्यांनी तोंड फिरवलं तरी मी लगेच उठून येणार नाही.

तुझी,
वैजू