रिकामी पेटी आणि माझी एक अट

मी, लेबरेख्ट फॉन राव्हेनो, वय एकसष्ट, राहणार राव्हेनो, मेक्लेनबुर्ग. पूर्वी घोडदळात कप्तान, नंतर प्रवासवर्णने लिहून पोट भरणारा. डोके ठिकाणावर असताना व कोणाची भीड न धरता ही शेवटची व्यवस्था करून ठेवतो. पाय सुजल्यामुळे हे बसून लिहावे लागते आहे, याचा मला संताप येतो.

गढी, जमीन व जंगल थोरले बंधू योब्स्ट यांचेच आहे. माझी तलवारही त्यांनाच द्यावी. त्यांना ती भिंतीवर हवी होती. मला ती कधीच आवडली नाही. लष्करी डगला गाडीवान वुल्फ यास. भोके त्याने बुजवून घ्यावीत.

प्रवासाची गाडी, दोन्ही घोड्या, नकाशे व पुस्तकांचे यापुढचे उत्पन्न योब्स्टदादाची धाकटी मुलगी मेख्टिल्ड हिला. आमच्या आत्यांप्रमाणे तिचेही नाव जन्मतःच खानदानी अविवाहित मुलींच्या मठात घातलेले आहे. तेथे आता जागा झाली आहे आणि दादा तिला कायमचे तेथे धाडणार आहे. ती परवा म्हणाली, "काका, तुम्ही इस्तंबूल पाहिलंत. मला निदान समुद्र तरी बघू द्या." समुद्र येथून एका दिवसाच्या वाटेवर आहे. तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

आता माझ्या देहाविषयी. १८१२च्या रशियाच्या मोहिमेत मी मेलो असे समजून घरच्यांनी पूर्वजांच्या शवपेट्या असलेल्या तळघरातल्या खोलीत माझ्या नावाची रिकामी शवपेटी ठेवली. मी चालत परत आलो तेव्हा दादा म्हणाला, "आलास ते बरं झालं रे, पण पेटीचं काय करू? नाव कोरून झालंय." पेटी अजून तेथेच आहे. त्या खोलीचे दार बाहेरून लागते, मला तिची धास्ती वाटते. मला रस्त्याकडेला पुरा, असे मी नेहमी सांगत आलो. तसे झाले तर जिल्ह्यात तोंड दाखवता येणार नाही, असे दादाला वाटते.

सबब अट अशी: मेख्टिल्ड माझ्या गाडीतून फाटकाबाहेर पडली, तरच मला त्या पेटीत ठेवावे. ती मठात गेली, तर मला ल्युबेकच्या रस्त्याकडेला पुरून वर मोठ्या अक्षरांत नाव घालावे.

हे दादाला वाचून दाखवले. तो म्हणाला, "तू राहशील त्या खोलीत? जेवण संपेपर्यंत खुर्चीत टिकत नाहीस."

"राहीन," मी म्हणालो.

तो खुर्चीतून उठला. मग खिडकीतून ओरडला, "वुल्फ, धाकट्या मालकांच्या गाडीला वंगण लाव."

पेटीच्या झाकणाला मात्र खिळे ठोकू नयेत, एवढी विनंती.

राव्हेनो, ९ सप्टेंबर १८४६
लेबरेख्ट फॉन राव्हेनो

साक्षीदार:
१. एंगेलके, गावचे पाद्री
२. योब्स्ट फॉन राव्हेनो, बंधू. वाचले, कबूल. खिळे ठोकू देणार नाही.