नेलपॉलिशचे तीन ठिपके

आई, तुझ्या कॅमेऱ्याची लेन्स मी गेल्या महिन्यात माझ्या कॅमेऱ्याला लावली. तुझा कॅमेरा केव्हाच निकामी झाला, पण लेन्स मी तू गेल्यावर रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली होती. आता आरसा नसलेले कॅमेरे आलेत, मिररलेस म्हणतात त्यांना. मध्ये एक अ‍ॅडॉप्टर बसवला की जुनी लेन्सही चालते, फक्त फोकस आपल्या हातानं करावा लागतो. मागच्या पडद्यावर बघत लेन्सची रिंग फिरवायची. जे स्पष्ट होईल त्याच्या कडेनं कॅमेरा लाल रेषा काढून दाखवतो, आणि तरी शंका राहिली तर तेवढाच तुकडा दहापट मोठा करून बघता येतो. कंपनीत मी दिवसभर सुट्या भागांची मापं तपासते, त्यामुळे असलं काही हातात आलं की मला वेळेचं भान राहत नाही. रविवारी सकाळी गॅलरीत बसून तुळशीच्या मंजिरीवर फोकस करत होते. रिंग केसभर हलवली की लाल रेषा एका बोंडावरून पुढच्या बोंडावर जायची. चहा तसाच गार झाला.

तेव्हाच रिंगवरचे ते तीन ठिपके बोटाला लागले. लाल नेलपॉलिशचे, वाळून टणक झालेले, जरा वर आलेले. लहानपणापासून ते मी पाहत आले होते आणि कुणीतरी सांडवलेलं असणार असंच धरून चालले होते. तू तर जन्मात नखांना रंग लावला नाहीस. ते पुसायला मी कापूस आणि रिमूव्हर घेऊनही बसले. पण माझा कामाचा स्वभाव आडवा आला. तीन ठिपके, त्यांच्यामधली अंतरं वेगवेगळी, आणि तिन्ही रिंगच्या अगदी कडेला, रेघेवर ठेवल्यासारखे. सांडलेली गोष्ट अशी सांडत नाही. मी कापूस ठेवला आणि मोजपट्टी आणली.

आणि तुझी दोरी आठवली. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. तळेगाव स्टेशनजवळचा त्यांचा स्टुडिओ काका विकायला निघाले, तर तू म्हणालीस, "फोटो मी काढीन." सातवी शिकलेली, पवनानगरकडच्या शेतकरी घरातली तू. सगळे हसले, पण तुझे फोटो स्वच्छ यायचे. बेगडेवाडी, सोमाटण्याच्या बायका मुद्दाम तुझ्याकडे यायच्या, कारण परक्या पुरुषानं हनुवटीला हात लावून मान वळवलेली त्यांना नको असायची. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला तू तीन गाठी मारलेली सुतळी बांधली होतीस. लग्नात मी तिचं दुसरं टोक नवरीच्या कपाळाला टेकवून धरायचं, तू मागं सरत सरत सुतळी ताठ करायचीस, मग मी बाजूला व्हायचं आणि फ्लॅश उडायचा. सुतळीचं टोक हळदीनं पिवळं झालेलं असायचं. मी सतरा वर्षांची असताना मावशीच्या गावच्या एका लग्नात वऱ्हाडातलं कुणीतरी म्हणालं, "फोटोवाली हाय का शिंपीन?" माझ्या वर्गातल्या मुली तिथं होत्या. मी सुतळी खाली टाकली. म्हटलं, "सगळे कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघून काढतात. तूच कशाला मापं घेतेस?" तू वर बघितलंस, माझ्याकडे नाही, माझ्या थोडं बाजूला. "माप न्हाई घेतलं तर फोटोत नवरीचा चेहरा जाईल," म्हणालीस. "तुझा न्हाई जात कुटं. उचल ती दोरी." मी उचलली. घरी येताना जीपमध्ये मी मुद्दाम पुढं, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

आता गॅलरीत मी पहिला ठिपका लेन्सच्या खुणेवर आणते, खुर्चीत बसवलेल्या लेकीपासून चार फुटांवर स्टँड ठेवते आणि तिची पापणी दहापट मोठी करून बघते. धूसर. स्टँड मागं घेत जाते, आणि बरोबर पाच फुटांवर पापणीचा एकेक केस उभा राहतो. दुसऱ्या ठिपक्याला आठ फूट, तिसऱ्याला बारा. एक माणूस, जोडपं, घरचा घोळका. कंपनीत ज्या अचूकतेसाठी आम्ही वातानुकूलित खोलीत यंत्रं ठेवतो, ती तू सुतळी आणि नेलपॉलिशनं साधली होतीस. लेक म्हणाली, "आजीनं हे कशासाठी केलं असेल? तिला खिडकीतून दिसायचं ना?" म्हटलं, मावशीला माहीत असेल.

पुढच्या रविवारी मी लेन्स घेऊन पवनानगरला मावशीकडे गेले. मावशी ओट्यावर वाल सोलत बसली होती. ठिपके तिच्या बोटाखाली दिले तर ती हसली.

"म्याच आनली व्हती ती बाटली, लोनावळ्यातनं."

"कशाला, मावशी?"

"तिला दिसत न्हवतं गं." वालाची शेंग तिच्या हातात तशीच राहिली. "उजव्या डोळ्यात लहानपनी मळनीला भाताचं कुसळ गेलतं, तो तवाच गेला. दुसरा तुझा बाप गेला त्या सालापासनं धुरकटला. मानूस वळखायची ते चालन्यावरनं."

"मला कधी बोलली नाही."

"तुला सांगून? तू पोरीबाळीत बोलली असतीस. आंधळ्या बाईकडं कोन येतंय फोटो काढाया?"

तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या पहिल्या नोकरीत झालं, तेव्हा डॉक्टर रागावले होते की हे फार आधी करायला हवं होतं. मला वाटलं, डॉक्टर असंच बोलतात. त्याआधी दहा वर्षं तू आमचं घर त्याच डोळ्यांवर चालवलंस. मावळात कितीतरी घरांच्या भिंतीवर तू काढलेली माणसं आहेत, नवऱ्या, म्हातारे, शाळेच्या दाखल्याची पोरं, आणि त्यांतला एकही चेहरा फोटो काढताना तुला धड दिसला नव्हता. मावशीच्या घरात तू काढलेला तिचा आणि तिच्या नवऱ्याचा फोटो आहे. मी जवळ जाऊन पाहिला. तिच्या नथीतला एकेक मोती मोजता येतो.

निघताना मी मावशीला म्हटलं, आईसारखा एक फोटो काढते तुझा. सुतळी मोजून पाच फुटांवर गाठ मारली, टोक तिच्याच हातानं तिच्या कपाळाला धरायला लावून गाठीपर्यंत मागं सरले, डोळे मिटून बोटानं पहिला ठिपका चाचपला, खुणेपाशी आणला आणि बटण दाबलं. "आला का?" मावशीनं विचारलं. "तिच्यासारखा?"

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तो फोटो धूसर आला होता, आई. मी मावशीला जरा थांब म्हटलं, पडद्यावर लाल रेषा बघत दुसरा काढला, आणि तोच तिला पहिला म्हणून दाखवला.