पंप मीच आणला होता

मृत्युपत्र लिहून ठेवणार: रुद्रप्पा विश्वेश्वर मिटकरी, वय ७४, धंदा मोटारपंप विक्री व दुरुस्ती, रा. तेलगाव, जि. बीड.

माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. या घरात दडपण आजवर मीच आणत आलो. माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीची व्यवस्था माझ्यामागे अशी व्हावी.

१. राहते घर पत्नी शिवकांता हिला, तिच्या हयातीपर्यंत. तिने माझ्या ताटात कधी काही उणे पडू दिले नाही. मात्र कलम चारमध्ये सांगितलेल्या दिवशी शेतात टाळ्या वाजवणाऱ्यांत ती सर्वांत पुढे होती. म्हणून माडीवरची खोली, जिच्या खिडकीतून ते शेत दिसते, ती कुलूप लावून मुलगा महांतेश याच्या ताब्यात राहील.

२. दुकान मालासकट मुलगा महांतेश याला. त्याला धंद्यातले ओ की ठो कळत नाही, पण तो उलटून बोलत नाही. दुकान लवकरच बसेल. बसू दे.

३. पानटपरीवाला बंकट याला दुकानामागे पडलेली जळकी मोटर मोफत. चार लोकांत तो मला म्हणाला होता, "शेठ, जलमभर मोटरी इकल्या, अन् पोरीनं तुमालाच मोटर बसवायला शिकवलं की!" ती त्याने टपरीपुढे मांडून रोज हार घालावा.

४. विमान. याबद्दल सविस्तर लिहितो, कारण गावात भलतेच सांगितले जाते. पंख खालच्या बाजूला आणि पेट्रोलची टाकी पंखात असलेले हे दोन माणसांचे जुने विमान मी एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबाच्या लिलावात घेतले. ऊस मोडून शेतात धावपट्टी केली. टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा मूळ पंप थकला होता, म्हणून विजेवर चालणारा पंप मी आणला. मी. तो इंजिनाशेजारी, वरच्या अंगाला, हात पोचेल असा बसवला. भाड्याने आणलेला पायलट विमान पळवायचा आणि ऐन वेळी, तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन, इंजिन गचके खात बंद पडायचे. नळ्या बदलल्या, वायरी बदलल्या. खंडेनवमीला नारळही फोडला.

पुढे मुलगी ईश्वरी विमान चालवायला शिकून, लायसन घेऊन परत आली. एक उन्हाळा तिने नुसते पाहिले. मग दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाली, "अप्पा, इहिरीची मोटर तुमी काठावर ठिवता का? वरून वढू नका, खालून ढकला, आसं तुमीच सगळ्यायला सांगता ना?"

गिऱ्हाइके हसली. हे वाक्य मी जन्मभर त्यांनाच ऐकवत आलो होतो.

तिने तोच पंप काढून पंखाच्या मुळाशी, टाकीच्या खाली बसवला आणि त्याचे बटण पायलटच्या हाताशी घेतले. तपासनीस पाहून, पास करून गेले. वैशाखाच्या उन्हात विमान उठले, नारायणगडाच्या बाजूला वळसा घालून नीट उतरले. सगळा गाव लोटला होता. बापाला अभिमान वाटला असेल, असे लोक म्हणतात. मला राग आला. अजून येतो. पंप मीच आणला होता, हे त्या दिवशी एकाच्याही तोंडून निघाले नाही.

असो. विमान, पंप, हत्यारे व धावपट्टीचे शेत हे सर्व ईश्वरीला. तिला दुसरे काही नकोच आहे. अट एकच: विमान त्या शेताबाहेर नेऊन ठेवू नये. नेल्यास ते महांतेशचे होईल आणि त्याने ते भंगारात घालावे. तो घालील.

५. माझा अंत्यविधी आपल्या रिवाजाप्रमाणे, जंगम स्वामींच्या हातून, बसवून पुरून, आपल्याच रानात व्हावा. जागा: धावपट्टीच्या मधोमध. वर कमरेइतका दगडी चौथरा बांधावा. अर्ध्या पट्टीत विमान उठत नाही, हे मी मोजून पाहिले आहे. आणि बापाची समाधी ईश्वरी उखडणार नाही, हेही मला ठाऊक आहे. तेवढे संस्कार मीच केले आहेत.

६. हा मसुदा घरात वाचून दाखवला. शिवकांता उठून आत गेली. महांतेश मोबाइल बघत होता. ईश्वरीने कागद मागून घेतला, पाचवे कलम पुन्हा वाचले. मग म्हणाली, "तुमी म्हणाल तिथंच बसवू तुमाला, अप्पा. पण उद्या ऊन चढायच्या आत माझ्यासंगं चला. एकदा वरून तेलगाव दाखवते. तुमाला न्यायचं म्हणूनच तर पंप खाली घेतलता."

विमान मी वर जाण्यासाठीच घेतले होते. आजवर एकदाही गेलेलो नाही, हे येथे नमूद करतो. तिने चालवायचे आणि मी शेजारी बसायचे, हे माझ्याने होणार नाही. तिला तोंडावर तसे सांगितले. ती रडली, ते पाहिले. कलम पाच कायम.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, साक्षीदारांदेखत सही केली.

रुद्रप्पा विश्वेश्वर मिटकरी (सही)

साक्षीदार:
१) बबनराव सोळंके, रा. तेलगाव (सही)
२) मोहनराव तिडके, रा. नेकनूर (सही; "चूक करताय" असे म्हणून)

ठिकाण: तेलगाव
दिनांक: १९ एप्रिल २०२५